इंगविलने रंगवलेली भिंत

इंगविलने मासे खाणं सोडलं होतं, आणि तिच्या आईच्या, ऑडनीच्या डोक्यातून ते काही केल्या जात नव्हतं.

स्कारवोय बेटावर माणूस देव सोडतो, नवरा सोडतो, बेट सोडून शहरात जातो. त्याचं कुणाला फार काही वाटत नाही. पण मासा कुणी सोडत नाही. त्यातून इंगविल कोळ्याची नात. शाळेत असताना हिवाळ्यात धक्क्यावर उभी राहून कॉड माशांच्या जिभा कापायची, आणि आजोबांच्या ताटातल्या तळलेल्या जिभाही पळवायची. आता चाळिशी उलटलेली तीच मुलगी रविवारी आईकडे जेवायला आली की बटाटे खायची, गाजरं खायची आणि वाफाळता पांढराशुभ्र मासा काट्याने ताटाच्या कडेला ढकलायची. मग ओठ मिटून उठायची आणि खिडकी उघडायची.

"भूक नाही गं आई."

ऑडनी शाळामास्तरीण होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. खोटं बोलणारं पोर तिला पाठमोरंही कळायचं. आणि ह्या खोट्यामागचं खरंही तिला माहीत होतं, कारण ती घाण तिने स्वतःच्या हातांनी धुतली होती.

इंगविल राजकारणात आली ती कुणाच्या तरी आळसामुळे. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती. पालिकेची निवडणूक जवळ आली तशी पक्षाच्या म्हाताऱ्या अध्यक्षाला यादी भरायला बायकांची नावं हवी होती. तो तिला दुकानात लोण्याच्या फळीपाशी गाठून म्हणाला, "नुसतं नाव दे. शेपटाला टाकतो. निवडून यायची अजिबात भीती नाही!" तिने हसून नाव दिलं. पण आमच्याकडे मतदाराला यादीतल्या आवडत्या नावापुढे खूण करून त्याला वर चढवता येतं. इंगविलने कुणाच्या आईला कुशीवर वळवलं होतं, कुणाच्या बापाला शेवटचा घोट पाजला होता, कुणाच्या घरचं मरण रात्रभर जागून सोबतीने काढलं होतं. त्या सगळ्यांनी गुपचूप खुणा केल्या. शेपूट उचललं गेलं आणि डोक्यापाशी आलं. पुढच्या खेपेला तीच नगराध्यक्षा झाली. अध्यक्षाने तिला मिठी मारून सांगितलं, "मी म्हटलंच होतं!"

तिने काम चांगलं केलं. रुग्णांची बोट बेटावरून हलवायचा घाट होता, तो मोडून काढला. वृद्धाश्रमात रात्रीची दुसरी परिचारिका परत आणली. सभेत आवाज चढवायची नाही. रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तशी बोलायची, थोडं थांबून, समोरच्याला श्वास घेऊ देऊन. लोक म्हणायचे, आपली इंगविल. ऑडनीला त्या 'आपली'चाही तेव्हा अभिमान वाटायचा.

मग सॅमन पाळणाऱ्या कंपनीने आतल्या खाडीत नवे पिंजरे मागितले. खाडीचा तळ आधीच माशांच्या विष्ठेने काळा पडला होता. नांगर वर ओढला की कुजक्या अंड्यांचा वास यायचा. इंगविलने विरोध केला आणि मागणी एका मताने पडली. कंपनीने पिंजरे शेजारच्या पालिकेत नेले, नोकऱ्याही तिकडेच गेल्या. त्या दिवसापासून 'आपली' गळून पडलं.

वसंतात तिच्या पायरीवर पहिलं पोतं आलं. आत मेलेले सॅमन. विकायचे नव्हेत, पिंजऱ्यात सडलेले. अंगावर समुद्री उवांनी पाडलेली भोकं, पोटं फुगून फुटलेली, डोळ्यांच्या जागी पू. मग दुसरं आलं, आणि ह्या वेळी तोंड उघडंच होतं. सगळा चिकट राडा उंबऱ्याखालून आत गेला होता. घटस्फोटानंतर इंगविल टेकडीवरच्या घरात एकटीच राहायची. ऑडनी हिरवा साबण आणि खरखरीत ब्रश घेऊन गेली आणि गुडघ्यांवर बसून लाकूड घासत राहिली. वास फटींतून परत परत वर यायचा. तिला तिथेच ओकारी झाली.

"पोलिसांत जा," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध? कुणी पाहिलंय?"

"इथे शेजाऱ्याने नवा दिवा लावला तर तो किती वॅटचा ते बेटाला कळतं, आणि पोतं घेऊन टेकडी चढलेली गाडी कुणाला दिसली नाही?"

"दिसली असेल. सांगणार नाहीत. आणि मला ह्यांच्यातच राहायचंय, आई."

उन्हाळ्याच्या अखेरीस इंगविलचे हात थरथरायला लागले. झोप गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता थांब. पण निवडून आलेल्या माणसाला आमच्याकडे मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. सभेकडे सुटका मागावी लागते आणि सभेने ती द्यावी लागते. म्हणजे जे तिला पोखरत होते त्यांच्याचपुढे उभं राहून सांगायचं, मी पोखरली गेले आहे. तिने तेही केलं. अर्ज दिला.

सभेआधीच्या शनिवारी गावघर रंगवायचा दुग्नाद होता. दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी यायचं, फुकट राबायचं आणि वॅफल खाऊन घरी जायचं. आजाऱ्याला माफ आहे, पण आजारी माणूस सहसा जातोच, आणि न गेलेल्याचं नाव लोक नातवंडांपर्यंत विसरत नाहीत.

"जाऊ नकोस," ऑडनी म्हणाली.

"नाही गेले तर म्हणतील, खुर्ची मिळाली आणि ब्रश जड झाला."

ती गेली. उत्तरेची भिंत, सगळ्यांत वाऱ्याची, तिने घेतली. जो येई तो इथल्या रिवाजाप्रमाणे हसून म्हणे, "मागच्या भेटीबद्दल आभार, इंगविल!" आणि तीही म्हणे, "आभार, आभार." ऑडनी वॅफलच्या तव्यापाशी होती. तपकिरी चीज कापता कापता ती एकेक चेहरा बघत होती. गोड, गुलाबी, वाऱ्याने तकतकीत चेहरे. पोती कोण टाकतं ते ह्यांतल्या कुठल्या तोंडाला माहीत आहे? बहुतेक सगळ्याच. तिला हातातल्या सुरीचीसुद्धा शिसारी आली.

शिडी धरायला ट्रोंड होता. ऑडनीच्या बालमैत्रिणीचा, गेर्डचा मुलगा. कंपनीत कामाला आणि सभेत विरोधी बाकावर.

"अजून वर, नगराध्यक्ष! खालून कोपरा पांढरा दिसतोय."

"तू शिडी हलवू नकोस म्हणजे झालं."

"मी? मी तर खांबासारखा उभा आहे."

सगळे हसले. इंगविलही हसली. संध्याकाळी घरी जाऊन ती बुटांसकट पलंगावर पडली ती दुसऱ्या दुपारपर्यंत उठली नाही. हे फक्त ऑडनीने पाहिलं.

सभेत तिचा विषय आला तेव्हा नियमाप्रमाणे तिला अध्यक्षाची खुर्ची सोडावी लागली. ती मागे लोकांच्या खुर्च्यांत, आईशेजारी येऊन बसली. उपाध्यक्षाने घसा साफ करून अर्ज वाचला. ट्रोंड उठला.

"इंगविलबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे," त्याने सुरुवात केली. ऑडनीला त्या सुरुवातीवरूनच शेवट कळला. "पण शनिवारी मी स्वतः शिडी धरून उभा होतो. बाईने पूर्ण भिंत रंगवली, थेट छपरापर्यंत. आमच्यातले दोघे तर खालीच दमले! जी भिंत रंगवू शकते ती सभा चालवू शकत नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि हा जो छळाचा उल्लेख आहे," तो पुढे म्हणाला, "त्याची पोलिसांत तक्रार कुठे आहे? कुणी काही पाहिलंय का? उद्या कुणीही उठेल आणि मासळीच्या वासावरून राजीनामा देईल. बेट आहे हे. वास येणारच."

अर्जाविरुद्ध हात वर झाले. ज्यांच्या आया इंगविलच्या हातावर गेल्या होत्या त्यांतलेही काही. अर्ज फेटाळला गेला. आणि इंगविल उठली, चालत जाऊन आपल्या खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि सपाट आवाजात म्हणाली, "पुढचा विषय. सांडपाण्याची वाहिनी." ऑडनीने आयुष्यात अनेक अभद्र गोष्टी ऐकल्या होत्या, पण त्या सपाट आवाजाइतकी अभद्र एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेर्ड केक घेऊन आली. अपेक्षितच होतं. इथे कुणी माफी मागत नाही, केक आणतं.

"बदामाचा आहे. तुला आवडतो तो."

ऑडनीने कॉफी ओतली. दोघी बसल्या. गेर्ड हवेबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, मग खुर्ची थोडी पुढे सरकवून म्हणाली, "कालचं मनाला लावून घेऊ नकोस हं. ट्रोंडचं तोंड तसंच आहे. पण इंगविलला सोडायचं कशाला? तिच्याशिवाय कोण आहे आपल्याला?"

"तिला झोप लागत नाही, गेर्ड."

"मला तरी कुठे लागते! ह्या वयात..."

"तिच्या दारात सडके मासे टाकतात."

"टाकत होते," गेर्ड म्हणाली. "आता नाही टाकणार. मी दम दिलाय त्याला."

कॉफीच्या कपावरून ऑडनीने वर पाहिलं. गेर्डने केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला होता आणि ती चावत होती. आपण काय बोललो हे तिला कळलंही नव्हतं. किंवा कळलं होतं आणि त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. ते दुसरंच जास्त खरं असावं, असं ऑडनीला वाटलं.

"कुणाला दम दिलास?"

"अगं..." गेर्डचे जबडे थांबले. "चार मासेच ना. नोकरीवर आलं होतं, डोकं फिरलं पोराचं. धुतलं की गेलं."

"मी धुतलं. गेलं नाही."

"ऑडनी, आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार आणि काय मिळणार?"

"त्याने तिची शिडी धरली होती."

"मग? नीट धरली ना?"

हे ती खरंच म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला बदामाचा चुरा लागला होता. ऑडनी त्या चुऱ्याकडे बघत राहिली. ह्या बाईबरोबर तिने पाटी पुसली होती, हिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला पहिल्या बाकावर बसली होती, वर्षानुवर्षं दर गुरुवारी हिच्याशेजारी बसून विणलं होतं. आणि पोतं टेकडीवर जात होतं तेव्हाही त्या दोघी बहुधा टाकेच मोजत होत्या.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"आईला माहीत असतंच," गेर्ड म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

ऑडनीने खरोखर विचार केला. उत्तर सोपं नव्हतं. पण काल सभेत कुणी पाहिलंय का, असं विचारलं गेलं होतं, आणि लेक तिच्याशेजारी खाली मान घालून बसली होती. आता निदान ऐकलेलं माणूस तरी होतं. तक्रार झाली तर सुटकेचा अर्ज पुन्हा सभेपुढे ठेवता येईल, आणि तेव्हा भिंतीच्या गप्पा मारून भागणार नाही. गुरुवारचं विणकाम संपेल. दुकानात लोक तिलाही हसून म्हणतील, मागच्या भेटीबद्दल आभार. म्हणोत.

ती उठली. केक पुन्हा डब्यात भरला, झाकण लावलं आणि गेर्डपुढे ठेवला.

"घेऊन जा."

"वेडी आहेस का? साठ वर्षांची ओळख..."

"हो. म्हणून तुला तोंडावर सांगते. मी आता पोलिसांना फोन करणार आहे. आधी माझं नाव सांगेन, मग त्याचं. आणि तू आत्ता काय म्हणालीस तेही."

"इंगविलला विचारलंस? तिला नको असेल!"

"तिला नकोच असेल," ऑडनी म्हणाली आणि फोन उचलला.