आवडत्या गळ्यालाही खरं सांगणाऱ्या महानंदाताई

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या दिवसांत आमच्या लहानशा दैनिकाच्या कचेरीत एक तरुण बाई आल्या आणि संपादकांना म्हणाल्या, "परवाच्या मैफलीच्या बातमीत हारतुरे हायत, पाहुण्यांची नावं हायत. गाणं कुठं हाय?"

संपादक हसून म्हणाले, "मग तुम्हीच लिहा की!"

महानंदाताईंची आणि माझी ओळख ही अशी झाली. मी तेव्हा तिथे उपसंपादक होतो.

ताईंचे वडील, अप्पा, उदगीरचे आडतदार. दुष्काळाच्या साली मोंढा, म्हणजे धान्यबाजार, ओस पडला, तेव्हा शाळकरी ताई रिकाम्या दुकानात बसून रेडिओवर नांदेडच्या एका बुवांचे गाणे ऐकत. शेजारी नावे ठेवू लागले. अप्पा म्हणाले, "दुकानात माल न्हाई, गाणं तरी असू द्या." पुढे अप्पांनीच त्यांना नांदेडला नेऊन बुवांची मैफल ऐकवली. त्या दिवशी बुवांच्या पाया पडल्याचे ताई आजही लाजत सांगतात.

काही वर्षांनी, ताई आमच्याकडे लिहू लागल्यावर, तेच बुवा लातुरात गायले; एव्हाना ते ताईंना नावाने ओळखत. तार सप्तकात गळा साथ देईना. टाळ्या मात्र थांबेनात. ताई कचेरीत कोऱ्या कागदापुढे बसून राहिल्या.

"लिहिलं तर त्यांना लई लागंल," त्या मला म्हणाल्या. "आन् न्हाई लिहिलं, तर माझ्या लिहिण्यावर इश्वास कोण ठेवंल?"

त्यांनी लिहिले. बुवांनी बोलणे टाकले, आयोजकांनी निमंत्रणे बंद केली. ताई तिकीट काढून मागच्या रांगेत बसू लागल्या. तक्रारीचा एक शब्दही आम्ही ऐकला नाही.

पुढे नांदेडकडच्या भोकरला बुवांच्या एका नवख्या शिष्येचे गाणे होते; ताईंसोबत मीही गेलो होतो. मध्येच वीज गेली, लोक उठले, मुलगी रडवेली झाली. मागच्या रांगेतल्या ताई पुढे येऊन सतरंजीवर बसल्या. "गा पोरी, मी ऐकायलेय." कंदिलाच्या उजेडात गाणे पुरे झाले.

कोपऱ्यात बसलेले वृद्ध बुवा उठून त्यांच्यापाशी आले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बोलले, "माझ्याबद्दल लिहिलंत, तसंच हिच्याबद्दलही लिहा. खरं."

ताईंनी होकारार्थी मान हलवली. परतीच्या बसमध्ये मात्र त्या लातूर येईपर्यंत पदराने डोळे टिपत होत्या.

ताई आज साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, कान असेच तिखट राहोत, आणि आमच्या मराठवाड्यात गाणाऱ्यांना त्यांचा धाक व आधार अजून पुष्कळ वर्षे लाभो.