व्हॅलेन्सियातली चतुर्थी

अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याच्या आशाबाई बोलायला लागल्या की समोरच्यानं मुकाट ऐकावं, हा अख्ख्या आळीचा अनुभव. पण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या त्या समुद्रावरच्या हॉटेलात पाय ठेवला आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. बाथरूमच केवढी, त्यांचा सगळा स्वयंपाक तिथं मांडता आला असता! आणि खिडकीबाहेर नुसतं पाणीच पाणी. "अवो, याले पलीकडचा काठच नाही वाटते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. महादेवरावांनी "हो ना" एवढंच केलं.

हा सगळा घाट घातला होता त्यांच्या मुलीनं, रागिणीनं. ती तिथंच नोकरी करते. आई जन्मभर सगळ्यांना वाढत आली आणि शेवटी उरलंसुरलं गार खात आली. एकदा तरी आईला कुणीतरी आधी वाढावं, गरमगरम, आणि आपण समोर बसून पाहावं, हा पोरीचा हट्ट. त्यासाठी तिनं समुद्राकाठचं भारीतलं हॉटेल कधीचं ठरवून ठेवलं होतं, तिथला नावाजलेला भात मासळी न घालता करायलाही हॉटेलवाल्यांना बजावलं होतं. सगळं केलं हो पोरीनं, फक्त तिथी पाहिली नाही.

रात्री हॉटेलच्या गच्चीवर टेबलाशी जेवायला बसल्यावर आशाबाई हळूच म्हणाल्या, "रागिणी, आज चतुर्थी हाय. चंद्र पाह्यल्याशिवाय मी खात नाही."

"आई! काहून सांगतलं नाही सकाळी?"

"मले वाटलं, जेवणाच्या आंधीच निंघन चंद्र. कॅलेंडरात तसंच लिव्हलं हाय."

आता काय म्हणावं! कॅलेंडर घरून आणलेलं, वेळ अकोल्याची, आणि बाई आभाळ पाहतायत व्हॅलेन्सियाचं. महादेवराव म्हणाले, "आपल्याकडं तर चंद्र डोक्यावर आला असन. खाऊन घे."

"तिकडचा तिकडच्याइले. मी इथं हाओ!"

तेवढ्यात वाफाळता भात आला आणि रागिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हाही भात गार होणार. तिनं अडखळत वेटरला सगळं सांगितलं. तो गडी रागावेल, तोंड वाकडं करेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! त्यानं भाताची कढई उचलून आत नेली, आणि दुसऱ्याला हाताशी घेऊन त्यांचं टेबल पार गच्चीच्या कठड्याशी नेऊन ठेवलं. आशाबाई बघतच राहिल्या. आपल्या उपासासाठी परक्या मुलखात कुणी टेबल उचलतं?

मग समुद्रातून चंद्र वर आला. डोंगरामागून नाही, झाडाआडून नाही, थेट पाण्यातून! परातीएवढा, लालबुंद. "माय वं!" आशाबाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी पेल्यातल्या पाण्यानं अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि कितीतरी वेळ ते हात खाली आलेच नाहीत.

वेटरनं नव्यानं शिजवलेला भात आणला आणि पहिली ताटली आशाबाईंपुढे ठेवली. सवयच ती, त्यांनी ताटली नवऱ्याकडे सरकवली. महादेवरावांनी ती परत बायकोकडे ढकलली. "तू खाय आंधी."

बाईंनी चमचा बाजूला ठेवून हातानं घास घेतला. रागिणी समोर बसून पाहत होती. "कसा हाय, आई?"

"चटका बसला वं जिभेले," आशाबाई म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.