जाळ्यावर राज्य कोणाचं

आमच्या ऑफिसात दोन रिपोर्ट तयार होतात. एक वर्षातून एकदा बोर्डाकडे जातो. त्यात तक्ते असतात आणि हसऱ्या माणसांचे फोटो असतात. दुसरा कोणी लिहीत नाही. तो किचनमध्ये, किटली उकळेपर्यंत, तोंडी सादर होतो. गेल्या तीन वर्षांत हा दुसरा रिपोर्ट इतका फुगलाय की पहिल्याला लाज वाटावी. तुम्ही विषय काढलाच आहे, तर त्यातलं थोडं सांगते.

आधी काम काय ते. मी मूळची सांगलीची. मास्टर्सला ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत आले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर मेलबर्नला सरकले, आता तिथल्याच टार्निट या सबर्बमध्ये, म्हणजे उपनगरात, राहते. नोकरी एका छोट्या संस्थेत. इंटरनेटचेही नियम असतात: वेबसाइटचं नाव कुठल्या लिपीत चालेल, कोणाचं अकाउंट खोटं ठरवायचं, तक्रार कोणी ऐकायची. हे नियम ठरवणाऱ्या बैठका जगभर होतात आणि कागदोपत्री त्यात कोणीही बोलू शकतं. प्रत्यक्षात बोलतात ते टायवाले आणि लॅपटॉपवाले. बाकीच्यांना तिथपर्यंत पोचवायचं, हे आमचं काम.

तर आमची बॉस हेलन, हिच्या एक दिवस लक्षात आलं की मेलबर्नच्या पश्चिमेला एवढी आफ्रिकन कुटुंबं राहतात आणि आपल्या यादीत त्यांच्यातलं एकही नाव नाही. कामगिरी माझ्यावर आली. "तूही मायग्रंटच आहेस मुग्धा, तुला सोपं जाईल," हेलन म्हणाली.

मला सोपं गेलं नाही.

*

पहिली मीटिंग मंगळवारी सकाळी अकराला ठेवली. म्हणजे ज्यांना बोलवायचं ते सगळे कामावर असताना. लायब्ररीतली खोली, तीस खुर्च्या, चार ट्रे सँडविच, आणि दारावर आफ्रिकेचा मोठा नकाशा असलेलं पोस्टर.

एक गृहस्थ आले. उंच, साठीचे, कोट घातलेले. नाव मजोक, मूळचे दक्षिण सुदानचे. त्यांच्या एकट्यासाठी हेलनने चाळीस स्लाइड्स दाखवल्या. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी हेलनने विचारलं, काही प्रश्न?

"एकच," ते म्हणाले. "मग माझ्या घरी कधी येताय? माझं इंटरनेट दर संध्याकाळी बंद पडतं."

हेलन समजावायला लागली की आम्ही ते इंटरनेट नाही. पण त्यांचा चेहरा पडलेला मला बघवेना. शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. मॉडेम मायक्रोवेव्हच्या मागे होता; संध्याकाळी जेवण गरम करायला तो लावला की सिग्नल जायचा. मॉडेम उचलून हॉलमध्ये ठेवला, झालं. त्यांच्या बायकोने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये आमचा पहिला आफ्रिकन सदस्य म्हणून त्यांचंच नाव आहे. तो कसा मिळवला, त्या रकान्यात मी लिहिलं होतं, "तांत्रिक सहकार्य."

*

मजोक अंकलनी मला आपल्या पुतणीकडे पाठवलं. तिचं नाव अबुक. ती हॉस्पिटलमध्ये नर्स, आणि समाजातल्या निम्म्या लोकांचे सरकारी फॉर्म तीच भरून द्यायची. पुढे हेलनने तिला आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे घेतलं.

पहिल्या दिवशी तिने लायब्ररीतून आणून ऑफिसच्या दारावर लावलेलं ते पोस्टर बघितलं आणि मला शांतपणे विचारलं, "तुला या ऑफिसात बोलावलं, तेव्हा दारावर आशियाचा नकाशा लावला होता?"

मला माझं युनीतलं पहिलं वर्ष आठवलं. एका प्रोफेसरांनी मला मुद्दाम बोलावून एका श्रीलंकन मुलीशी ओळख करून दिली होती, आता तुम्हाला आपल्या भाषेत बोलता येईल म्हणून. आम्ही दोघी इंग्लिशमध्ये बोललो.

मी पोस्टर काढून टाकलं. मग आमच्या 'इंटरनेट गव्हर्नन्स'मधल्या 'गव्हर्नन्स' या शब्दावर गाडी अडली. अबुक म्हणाली, हा शब्द वाचला की आमचे लोक समजतात, सरकार आलं, उठा. मी तिला अर्धा तास समजावलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे भांडण झालं की कोण बसून मिटवतं, ते?"

मी तोवरची सगळी नोकरी आठवून पाहिली. हो, तेवढंच.

*

दुसरी मीटिंग रविवारी, त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये, प्रार्थना सुटल्यावर ठेवली. पन्नासेक माणसं होती. मी दारात हजेरीचा कागद फिरवला: नाव, सबर्ब, जन्मतारीख. कागद परत आला तर निम्म्याहून जास्त लोकांची जन्मतारीख एक जानेवारी.

मला वाटलं, पहिल्याने लिहिलं आणि बाकीच्यांनी खाली कॉपी मारली. शाळेत आमच्याकडे होमवर्कचं असंच व्हायचं. मी अबुकला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, फॉर्म पुन्हा भरून घेऊया का.

तेव्हा तिने सांगितलं. यातले बरेचसे लोक युद्धातून पळून निर्वासितांच्या छावणीत आले. जन्माचा दाखला कोणाकडे नव्हता. छावणीतला कारकून अंदाजाने वर्ष लिहायचा आणि पुढे एक जानेवारी. अबुकचाही वाढदिवस त्याच दिवशी.

"आम्हाला केक मोठा लागतो," ती म्हणाली.

मी हसले, आणि मग हसल्याचं मला वाईट वाटलं. तिने ते ओळखलं असावं. माझा हात दाबून ती म्हणाली, "हस. विनोद मीच केलाय."

*

ही एक जानेवारी एकीला चांगलीच महागात पडली होती, हे पुढे कळलं. त्याच हॉलमध्ये दोन बायका होत्या, दोघींचं नाव मेरी अकोल. जन्मतारीख अर्थातच एकच, आणि कारकुनाच्या कृपेने वर्षही एकच. एक मेरी शिवणकाम करायची आणि कपडे ऑनलाइन विकायची. एक दिवस तिचं अकाउंट बंद झालं, कारण कंपनीच्या सिस्टिमच्या मते ती दुसऱ्या मेरीची खोटी नक्कल होती. तिने पासपोर्ट पाठवला. सिस्टिम म्हणाली, हीच माहिती आमच्याकडे आधीच आहे. चार वर्षं जमवलेली गिऱ्हाइकं एका सकाळी गेली.

ओळखपत्रांच्या नियमांवर आंतरराष्ट्रीय पातळीवर मतं मागवली होती, तिथे आम्ही हे प्रकरण लिहून पाठवायचं ठरवलं. आमच्या संस्थेने पाठवलेलं हे पहिलं आफ्रिकन निवेदन. हेलनने त्याला दोन ओळींचं शीर्षक दिलं होतं. अबुकने ते खोडून वर लिहिलं, "आम्ही दोघी आहोत."

ते निवेदन बैठकीत वाचलं गेलं आणि तीन महिन्यांनी कंपनीची ईमेल आली. प्रिय मेरी, गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपलं अकाउंट पुन्हा सुरू केलं आहे.

ईमेल दुसऱ्या मेरीला आली होती.

*

भाषांतराचा किस्सा मजोक अंकलचा. हेलनची इच्छा होती की पत्रक त्यांच्या डिंका भाषेतही असावं. अबुक सुट्टीवर होती आणि घाई होती, म्हणून ऑफिसातल्या कोणीतरी कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं आणि दोनशे प्रती छापल्या.

मी एक प्रत अंकलना दिली. त्यांनी चष्मा लावला, संपूर्ण वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. कसं वाटलं, मी विचारलं.

"चांगलं आहे. यात लिहिलंय की मासेमारीच्या जाळ्यावर राज्य कोणी करायचं, हे मासे ठरवतील."

मी माफी मागायला लागले. पत्रकं लगेच परत घेतो म्हटलं.

"राहू दे, डॉटर," ते म्हणाले. "मला पटलं."

*

अल्माझ नावाची एक इथिओपियन बाई आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायची. पन्नाशीची, एका वृद्धाश्रमात काम करायची. तिच्या ओळखीच्या सातआठ जणी आल्या की मीटिंग होईल, म्हणून मी आणि हेलन तिच्याकडे दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा बायका आल्या, बसल्या, मान हलवली, आणि काही न बोलता गेल्या.

तिसऱ्या वेळी अल्माझ म्हणाली, आधी कॉफी. हेलनच्या कार्यक्रमपत्रिकेत कॉफीला दहा मिनिटं होती. अल्माझने कच्च्या बिया धुतल्या. मग भाजल्या. मग तो धूर प्रत्येकीच्या नाकापर्यंत फिरवला. मग कुटल्या. पहिला कप यायला पाऊण तास लागला, आणि कळलं की असे तीन कप असतात आणि मध्येच उठायचं नसतं. दुसऱ्या कपापर्यंत हेलन घड्याळ बघत होती. बायका मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. हेलनने हळूहळू आपल्या गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली.

तिसऱ्या कपाला अल्माझ आपणहून म्हणाली, "विचारा आता."

आणि त्या बोलल्या. वृद्धाश्रमाची सगळी ट्रेनिंग ऑनलाइन आणि इंग्लिशमध्ये, आमच्या लिपीत टाइप केलेलं नाव फॉर्म घेत नाही, फसवणुकीचे फोन आमच्या भाषेत येतात पण तक्रार इंग्लिशमध्ये करावी लागते. हेलनला लिहायला कागद पुरेना. निघताना तिने विचारलं की मग आधीच्या दोन वेळा तुम्ही गप्प का होतात?

"आधी तुम्ही दोनदा आलात," अल्माझ म्हणाली. "आज पहिल्यांदा बसलात."

*

हा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण तो वगळला तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

टार्निटला आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. कोणाचा गणपती किती दिवसांचा, सिडनीच्या हॅरिस पार्कहून कोण येतंय, येताना कोणती मिठाई आणेल, असलं सगळं त्यावर चालतं. एका शनिवारी दुपारी आमचा मित्र सचिन, पुण्याचा, आयटीतला, अगदी सज्जन माणूस, याने फोटो टाकला. खाली लिहिलं, "कम्युनिटी हॉलपाशी चार जण बराच वेळ उभे आहेत. मोठे बॉक्स आहेत. आफ्रिकन दिसतात. बी केअरफुल." फोटो लांबून घेतलेला, चेहरे दिसत नव्हते. खाली धडाधड हात जोडलेले, थँक्यू दादा, पोलिसांना कळवा.

मी गाडीत होते, सिग्नलला फोन पाहिला. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आमच्या गल्लीच्या किती जवळ आहे. मग हिरवा झाला आणि मी निघाले.

हॉलपाशी पोचले तर दारात अबुक उभी होती, आणि तिच्यासोबत चर्चचे तीन वडीलधारे, सूट घालून. बॉक्समध्ये आमची पत्रकं होती. मी चाळीस मिनिटं उशिरा आले होते आणि हॉलची किल्ली माझ्याकडे होती.

मी अबुकला फोन दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि परत दिला. "चांगला आलाय," म्हणाली. "सूट दिसत नाहीत फक्त."

संध्याकाळी मी सचिनला सगळं सांगितलं. मग त्याने पोस्ट काढून टाकली. मी म्हटलं, काढून काय होणार, वाचायची ती सगळ्यांनी वाचली. तेव्हा त्याने ग्रुपवर लिहिलं की ते लोक हॉलच्या कार्यक्रमाचे होते, दाराबाहेर ताटकळत होते, चूक माझी. त्याला कोणी हात जोडले नाहीत. पुढच्या मीटिंगला तो स्वतः आला आणि अबुकसमोर उभा राहून सॉरी म्हणाला. ती म्हणाली की ठीक आहे, आता खुर्च्या लावायला मदत कर. त्याने सगळ्या लावल्या. तेव्हापासून हॉलची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.

*

आता शेवटचं. गेल्या वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बैठकीत आमच्या गटाला बोलायला वेळ मिळाला. विषय होता, संघर्षाच्या काळात एखाद्या भागातलं इंटरनेट बंद करणं. तीन मिनिटं. सगळ्यांनी अल्माझचं नाव सुचवलं. हेलनने तिला भाषण लिहून दिलं, आम्ही दोनदा सराव केला.

संध्याकाळी ऑफिसात आम्ही सगळे तिच्या मागे बसलो होतो. पडद्यावर जगभरचे चेहरे. तिचं नाव पुकारलं गेलं, कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं. अल्माझने भाषणाचा कागद पालथा ठेवला.

तिने सांगितलं की तिची आई गावाकडे एकटी राहायची. तिथे लढाई सुरू झाली आणि त्या सगळ्या भागाचं नेट बंद झालं. अल्माझ रोज कामावर जाण्याआधी आईला आवाजी निरोप पाठवायची. पोचत नाही हे दिसायचं, तरी पाठवायची. आज काय शिजवलं, नातीला कुठला दात आला. असे कितीतरी महिने गेले. मग एका सकाळी नेट सुरू झालं आणि सगळे निरोप एकदम पोचले. आईच्या नंबरवरून उत्तर आलं, पण ते शेजारणीचं होतं. आई पावसाळ्यातच गेली होती.

घड्याळ लाल झालं. अध्यक्ष चांगला माणूस होता, त्याला ते जड गेलं, पण त्याने नियमाप्रमाणे सांगितलं, "मॅडम, आपली तीन मिनिटं संपली आहेत. कृपया एका वाक्यात समारोप करा."

अल्माझने मान हलवली.

"शेजारणीने आईचा फोन चर्चच्या आवारात नेला," ती म्हणाली, "आणि तिच्या थडग्यापाशी बसून माझे सगळे निरोप तिला एकेक करून ऐकवले, आणि ते तीन मिनिटांत झालं नाही."