दारातले अकरा सेकंद

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. व्हिडिओची फाईल लहान करायची, पण चित्र बिघडू द्यायचं नाही, हे आमचं काम. चित्र किती टिकलं याचे गुण यंत्र देतं. काका मात्र पडद्याला नाक लावून बसतात आणि यंत्राला खोटं पाडतात. शेजारच्या टेबलावर बसून सात वर्षं मी त्यांची कटकट ऐकतो आहे.

यंदा एक प्रायोगिक सेटिंग तपासायला आलं. फाईलमध्ये जागा मोजकीच. तिच्यातली किती चित्राच्या कुठल्या भागाला द्यायची, हे ते दृश्य बघून ठरवतं. हलत्या पानांची थोडी काढून अंधाऱ्या, शांत कोपऱ्यांना देतं. गुण घसरले, तसं साहेबांनी नाक मुरडलं. काका म्हणाले, "गुण गेले खड्ड्यात. कोपरे बघा!" आणि भांडून ते पास करून घेतलं.

ठरलेल्या चाचण्या झाल्या की काका स्वतःची एक क्लिप लावतात. प्रत्येक नव्या सेटिंगवर, न चुकता. अंगण, झाड, सायकलवर तीन वर्षांची मुलगी आणि मागे अंधाऱ्या दारात अकरा सेकंद त्यांची बायको. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचं हलतं चित्र एवढंच. झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं, आणि बायकोच्या चेहऱ्याच्या जागी तपकिरी चौकोन.

करणी काकांचीच. तरुणपणी त्यांना गुणांचं वेड होतं. कोपरे सांभाळणारं सेटिंग बंद केलं की गुण वाढायचे, म्हणून त्यांनी ते बंद केलं, लहान फाईल ठेवली आणि जागा अडते म्हणून मूळ पुसून टाकली. बायको तेव्हा पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. "अठ्ठ्याण्णव गुण मिळाले होते," ते मला एकदा म्हणाले. मला भयंकर वाईट वाटलं.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. ती आता स्वतः आई होणार आहे. काकांचा हात माऊसवर, म्हणून फोन स्पीकरवर.

"बाबा, ती क्लिप सापडली का हो? मला आईचा चेहराच आठवत नाही."

इतकी वर्षं काका "शोधतोय" म्हणत वेळ मारून नेत होते. समोर नव्या सेटिंगवर तीच क्लिप चालू होती. चौकोन जिथल्या तिथे. जे फाईलमध्येच उरलं नाही, ते कुठलं सेटिंग आणून देणार? हे काकांइतकं कुणाला ठाऊक! तरी दर वेळी ते बघत बसायचे.

त्या दिवशी त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "बरं, दिसत नाही तर नाही. पण तुम्ही होतात ना तिथे? हसत होती का ती?"

काकांनी क्लिप दारावर थांबवली.

"कॅमेरा माझ्याच हातात होता गं," ते म्हणाले. "पण मी सायकलकडे बघत होतो."