कढईवरचे मामा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामांची नोकरी माझ्या खोटेपणामुळे गेली.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका साबणाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो आणि ते साबणाच्या कढईवर. बेलवलीहून पहिल्या पाळीला येत. सगळेच त्यांना मामा म्हणत. नवी वडी कापली की ते तिला जिभेचं टोक लावत. जीभ चुरचुरली की माल बाद. मी हसायचो. "मामा, त्यासाठी लॅब आहे."

"तुमची लॅब जेवायला जाते, साहेब. जीभ तोंडातच असते."

साबणाचं सगळं शास्त्र त्यांनी एवढ्यात बसवलं होतं: "तेलानं सगळा कॉस्टिक सोडा खाल्ला पाहिजे. उरला, तर तो माणसाला खातो."

एकदा खोबरेल महागलं म्हणून शेठने पामतेल आणलं. पामतेलाला कॉस्टिक कमी लागतं, हे कॉलेजातलं पोरही सांगेल. मी मामांना दिलेल्या चिठ्ठीवर चुकून खोबरेलाचंच माप लिहिलं. मामा वडी चाखून थुंकले.

"साहेब, चावतोय. थांबवा माल."

"रिपोर्ट ओके आहे, मामा."

कसला रिपोर्ट! तपासणी मी केलीच नव्हती. टेम्पो उभा, शेठ ओरडतोय, मी आकडे मनाने भरले. आणि वेष्टणावर काय छापलं होतं? 'बाळाच्या कोमल त्वचेसाठी'! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्याभरात पॅकिंगच्या बायकांच्या हातांची सालटी निघाली. एक आई बाळाची लालभडक पाठ दाखवायला थेट गेटवर आली. शेठने विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "मामांनी कॉस्टिक जास्त टाकलं."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "साहेब, तुम्ही लिहिलंत तेवढंच टाकलं ना मी? अहो, बोला की!"

बावीस वर्षं त्या कढईपुढे भाजून निघालेल्या माणसाला शेठने त्याच दिवशी बाहेर काढलं. शेठ हलकटच, पण त्याला निदान खरं माहीत नव्हतं. मला होतं.

गेल्या वर्षी मामा वारले. भेटायला गेलो, तर मामी म्हणाल्या, "शेवटपर्यंत सांगत होते, माझं माप चुकलं नव्हतं. आमचा नाही बसला विश्वास. लेकरांची अंगं भाजली हो त्यांच्या हातून." आणि मी मान डोलावली. मान डोलावली मी!

मामी अजून बेलवलीतच असतात. त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलांसमोर बसून, चूक माझी होती आणि मामा खरं बोलत होते, एवढं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.