ट्रकच्या पाठीवरची ओळ

धुळ्यात आग्रा रोडवर जीवराम पेंटरच्या हाताखाली झुलाल ट्रक रंगवायला शिकत होता. वाचनालयातून तो कवितांची पुस्तकं आणायचा आणि वाचता वाचता मनातल्या मनात एकेका कवीला नापास करायचा. चंद्र पाहून रडणारा हा बुवा कधी उपाशी झोपलेला दिसत नाही, आणि आईवर पानंच्या पानं लिहिणारा तो दुसरा तिला कधी पाणी भरू लागलेला दिसत नाही. सगळे लेकाचे खोटारडे! ही मतं त्याने कुणाला सांगितली नाहीत. पेंटरच्या पोऱ्याला विचारतो कोण?

त्याने पास केलेली ओळ एकच, तीही स्वतःची. सुकदेव ड्रायव्हर म्हणाला होता, "गाडीच्या मागे माझ्या बायकोसाठी काहीतरी लिही. या खेपेहून आलो की तिला वाचून दाखवतो." झुलालने मागच्या फळीवर अहिराणीत लिहिलं, 'भाकर झाकी ठेव, मी येस.' म्हणजे झाकून ठेव, मी येतोच.

त्याच खेपेत सोनगीरजवळ ट्रक उलटला आणि सुकदेव गेला.

नव्या मालकाने दुरुस्त केलेली गाडी रंगवायला आणली. झुलाल पॉलिश पेपर घेऊन ती ओळ घासायला बसला, तेवढ्यात सुकदेवची बायको कमलबाई गाडी शेवटची पाहायला आली. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून हात फिरवत तिने विचारलं, "आठे काय लिखेल शे, भाऊ?"

झुलालने पॉलिश पेपर खाली ठेवला.

"गाडीना नंबर शे, अक्का," तो म्हणाला.