माकडानं काय पळवलं?

मला वाचायला शिकवलं ते एका माकडानं, असं सांगितलं की माझी नातवंडं खोखो हसतात. हसू देत. सत्तरच्या दशकात वडूजजवळच्या आमच्या गावात त्या माकडानं जे केलं ते यांच्या रंगीत पुस्तकांना जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

माकड आमच्या बाईंचं. बाई कराडच्या. त्यांचे वडील गावोगाव बांगड्या विकायचे आणि त्यांच्या हाळीचीच चाल बाईंनी आमच्या गाण्यांना लावली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि ज्वारीच्या ताटाची छडी एकेका शब्दाखाली टेकवत गायचं:

मामा मामा, माकड आलं,
माकडानं मडकं पळवलं,
मडक्यात मीठ, मिठात मुंगी,
मामा ओरडे, माझी लुंगी!

अर्थ विचारू नका. लुंगी कुठून आली ते बाईंनाही ठाऊक नसावं. प्रत्येक अक्षराचं असंच एक येडं गाणं होतं आणि आम्ही ते घसा ताणून दिवसभर गायचो. गावातले शहाणे म्हणायचे, "पोरं शाळंत जात्यात का तमाशात?" त्या शहाण्यांचा मला अजून राग येतो. खरी गोम त्यांना कळलीच नव्हती. गाणं पाठ झालं की बाई गुपचूप एक शब्द बदलायच्या. मडक्याच्या जागी मांजर, नाहीतर मिरची. जो फळ्याकडे न बघता सवयीनं गायचा तो पकडला जायचा आणि त्याला वर्गभर माकडउड्या माराव्या लागायच्या. मग कुणाची बिशाद होती नजर हलवायची! भरपूर उड्या मारून मी एकदाची वाचायला लागले. बाईंइतकं हुशार माणूस मला पुढं क्वचितच भेटलं.

वडील फौजेत होते. त्यांचं पत्र यायचं ते थोरल्या चुलत्यांच्या नावानं, कारण बायकोच्या नावानं पत्र धाडलं तर गावात हसं व्हायचं. चुलत्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून शेजारचे हवालदार आबा, पलटणीतून निवृत्त झालेले, आमच्या ओट्यावर बसून खणखणीत आवाजात वाचायचे आणि अर्धी आळी ऐकायची. आई दाराआड उभी. तिच्या वाट्याला शेवटची ओळ यायची, "सौ.ला सांगणे, पोरीकडे लक्ष द्यावे." आळीभर ऐकू जाणार म्हटल्यावर माणूस दुसरं लिहिणार तरी काय?

एकदा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "एक तरी पत्र माझ्या नावाचं यावं, आन् माझं मीच वाचावं. दुसरं कायबी नगं मला."

मी लगेच चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं माकडाचं गाणं लिहिलं. आईला ते एका दिवसात पाठ झालं. "आलं की गं मला वाचाया!" ती म्हणाली.

"पाठ म्हणणं म्हंजी वाचणं न्हवं," मी बाईंच्या ठसक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मडकं पुसून तिथं 'भाकर' लिहिलं. आईनं बिनधास्त मडकंच गायलं. नियम म्हणजे नियम. आईनं दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, लुगडं खोचलं आणि दोन उड्या मारल्या.

अशा किती उड्या तिनं मारल्या, गणतीच नाही. शेतातून दमून आली तरी मारायची. एके सकाळी मात्र पिठाचा हात तसाच हवेत राहिला. "आगं, हितं टोपी लिवलंय!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. मलाही रडू आलं.

पुढची गाणी झाली, वर्ष गेलं. बाईंना सगळं ठाऊक होतंच, त्यांनी स्वतःजवळचं एक आंतर्देशीय पत्र दिलं. आईनं चार दिवस खपून त्यावर लिहिलं, "मला वाचायला येतं. आता माझ्या नावानं लिहा." खरं वाटावं म्हणून खाली माकडाचं अख्खं गाणं उतरवलं. कोपऱ्यात मी माझी भर घातली: बाई रोज एक शब्द बदलतात, चुकलं की उड्या.

महिना गेला. आई पोस्टमनच्या वाटेकडे बघायची आणि बघत नसल्यासारखं करायची. वडिलांना हे पटलं नसेल, कुणीतरी लिहून दिलंय असं वाटलं असेल, ही धास्ती तिला खात होती.

पत्र आलं. वर आईचं नाव. हवालदार आबा चष्मा पुसत ओट्यावर येऊन बसलेच होते. आई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. "आवं आबा, ऱ्हाऊ द्या. माझं मी वाचती."

वाचती म्हणजे गायची. चालीशिवाय तिला अजून वाचताच येत नव्हतं. बोट शब्दाखाली, ओठ हलतायत, आणि गळ्यातून बारीक आवाजात बांगड्यांची हाळी. आळीतली माणसं आधी हसली, मग कान देऊन ऐकू लागली. पत्राच्या शेवटी तेच गाणं आलं आणि तिचा आवाज मोठा झाला, "मामा मामा, माकड आलं... माकडानं..."

ती थांबली. पुन्हा बोट ठेवून पाहिलं. कानापर्यंत लाल झाली, पदर तोंडावर ओढला आणि पत्राची घडी चोळीत खुपसून आत पळाली.

"काय पळवलं गं माकडानं?" मी मागं धावत विचारलं.

"मडकं," ती म्हणाली. मी तिला उड्या मारायला लावल्या, आणि तिनं त्या हसत हसत मारल्या.